रावजीकाकाच्या लग्नाचा रहिवासी दाखला

रावजीकाका बोलायला लागला की शेजारच्या वाडीतली कुत्री उठून बसतात. बावीस वर्षं त्याने जहाजाच्या भटारखान्यात काढली, इंजिनाच्या घरघरीच्या वर आवाज चढवून. आता समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी "मीठ दे गो!" असं म्हणतो, की रत्नागिरीतल्या आमच्या मांडवीच्या बंदरातल्या होड्यांनाही वाटावं आपल्याकडेच मीठ मागितलंय.

चाळिशी आली तरी काकाचं लग्न झालं नव्हतं. दोनदा सोयरीक जुळली आणि दोन्ही वेळा जहाज सुटलं. माझी आजी सोनूबाई म्हणायची, "ह्याची बायको समुद्रातच हाय." तिने ते रागाने म्हटलं होतं, पण ते खरं ठरलं.

झालं असं, की काकाचं जहाज दुरुस्तीसाठी तीन आठवडे मॉरिशसला अडकलं. काका बाजारात कोथिंबीर घ्यायला गेला. विकणारी बाई जुड्या मोजत होती, "येक, दोन, तीन, च्यार..."

काका जागच्या जागी ओरडला, "रत्नागिरीची काय गो तू?"

सगळा बाजार थांबला. बाई काही घाबरली नाही. म्हणाली, "आमी रत्नागिरीचेच. पण रत्नागिरी हाय कुठं?"

तिचं नाव दमयंती बाबाजी. बाबाजी हा तिचा खापरपणजोबा. तो ऊसमळ्यात राबायला म्हणून इथून जहाजात बसला, आणि तिथल्या साहेबाने त्याचं नावच आडनाव करून टाकलं. घरात मराठी राहिली, पण आपल्या पणजीच्या पेटीतून काढल्यासारखी. बोलताना ती शब्दाचं शेपूट वर उचलते, म्हणजे साधं "जेवलो" म्हणाली तरी प्रश्न विचारल्यासारखं वाटतं. आणि सगळं बरं असेल तर म्हणते "कोरेक!" तिकडे ठीक आहे, झकास आहे, सगळ्याला तेच.

चार वर्षं पत्रं चालली. मग ठरलं, की तिने जानेवारीत इकडे यायचं, त्याच आठवड्यात काकाचं जहाज मुंबईला लागणार, आणि लग्न. दमयंती आली. दहा जानेवारी सत्याऐंशीला मुंबईच्या विमानतळावर उतरली, बाराला मांडवीत. व्हिसा नऊ एप्रिलपर्यंतचा.

जहाज आलंच नाही.

एकवीस तारखेला आली ती तार. तारवाला शिवा दारात उभा राहिला मात्र, आजीने पाटावरून उठायच्या आधीच सूर लावला, "माझा रावजी गेला गोऽऽ! समुद्रानं खाल्लान गोऽऽ!" गो वर चढतो आणि मग जिना उतरल्यासारखा चार पायऱ्यांनी खाली येतो. शेजारच्या तीन बायका धावत येऊन त्याच सुरात सामील झाल्या. तार अजून शिवाच्या हातातच.

"अवो सोनूबाय, सही तरी करा कुणीतरी," शिवा म्हणाला.

कोण करणार? आमच्याकडे तार म्हणजे मरणाची बातमी. तिला हात लावायचा म्हणजे मरण घरात घ्यायचं. पण दमयंतीच्या गावी तारेने लग्नाच्या शुभेच्छा येतात. तिने शिवाच्या पावतीवर झोकात सही केली, तार फोडली आणि वाचली. शिप डिलेड, कमिंग फेब्रुवारी, ईट वेल, रावजी. सगळी अक्षरं कॅपिटल. म्हणजे काका तारेतही ओरडतच होता.

"जिता हाय, आये," दमयंती म्हणाली. "खायला सांगतो. कोरेक!"

आजीने तार देवघरात ठेवली आणि तारेलाच हळदकुंकू लावलं.

तो महिना दमयंतीने मांडवी जिंकली. नळावर नंबर लावून भांडायला शिकली. मासळीवाली मैना पहिल्या दिवशी तिला दुप्पट भाव सांगत होती, आठवड्याभरात स्वतःच हाळी द्यायला लागली, "पापलेट घ्या, ताजा, कोरेक!"

काका तेरा फेब्रुवारीला घरी पोचला. पेटी खाली ठेवायच्या आत विचारता झाला, "लग्न कधी?" पण लग्न कसं, हाच मोठा प्रश्न होता. त्यासाठी महिपत सारंगांना बोलावलं. सारंग म्हणजे खलाशांचे मुकादम. जहाजावरून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी अजून हुकूम सुटतो, "ऑल राइट?" त्यांनी चहाचे तीन कप ओटीवर मांडले.

"तीन रस्ते. हा पहिला कप. लग्न हितं, बायको हितं. पोलीस कचेरीत परदेशी म्हणून नाव लावायचं, राहायची मुदत वाढवून घेत जायची, पुढे हितली नागरिक व्हायला अर्ज करायचा. ऑल राइट? दुसरा कप. लग्न हितं, पण नवरा म्हणून तू तिकडं. तिसरा कप. लग्न न करताच तू तिकडं जायचं आणि तिकडं जाऊन लावायचं. ऑल राइट?"

"तिसरा नको," दमयंती म्हणाली. "नुसत्या होणाऱ्या नवऱ्याला दारात उभा करतात, किती दिवस राहणार विचारतात. आमच्याकडं तर आदी परदेशी बायको चालायची, परदेशी नवरा म्हटला की कटकट. बायकांनी भांडून कायदा बदलून घेतला."

"शाब्बास!" काका असा ओरडला की तिसरा कप सांडला. तो रस्ता तिथेच संपला.

"पैला कप की दुसरा ते मागनं ठरवू," काका म्हणाला. "लगीन तर दोन्हीत हितंच हाय."

"पण नोंदणीचं पाहिजे," सारंग म्हणाले. "देवळातल्या अक्षतांनी कुठल्याच कचेरीचं पोट भरत नाय. ऑल राइट?"

अशा सल्ल्यांत आणि ग्रामदेवतेला कौल लावण्यात पंधरा दिवस गेले. देवीने उजवा कौल दिला आणि आम्ही दोन मार्चला, सोमवारी, कचेरीत जायचं ठरवलं.

सकाळी आजीने दमयंतीचा पासपोर्ट पाटावर ठेवला. नवीन वस्तू पहिल्यांदा कामाला निघाली की तिला हळदकुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. शिलाई मशीनला लागलं, रेडिओला लागलं. आजीने पानं उलटून बघितली. एका पानावर जांभळा गोल शिक्का होता. तिला तो देव्हाऱ्यातल्या टाकासारखा वाटला. बोट पाण्यात बुडवून तिने बरोब्बर त्याच्यावर हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. आणि ओलं राहायला नको म्हणून पदराने चांगलं पुसून घेतलं.

कचेरीत आमचा नंबर लागेपर्यंत चार वाजून गेले. विवाह अधिकारी साहेब कोल्हापूरकडचे. बोलताना प्रत्येक शब्द उखळात घालून कांडतात. "बगा, सोपं हाय. दोघांतला एक जण तीस दिवस या जिल्ह्यात राहिलेला पायजे. मग नोटीस. नोटिशीचे तीस दिवस झाले, कुणाची हरकत न्हाई आली, की लग्न. आज नोटीस दिली तर दोन एप्रिलला लावून टाकू. द्या पासपोर्ट."

पासपोर्ट उघडला आणि साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला.

"मुंबईला उतरल्याचा शिक्का कुठाय?"

"तोच तो," काका म्हणाला.

"ह्यो? ह्यो तर लोणच्याच्या बरणीत पडल्यागत दिसतोय. तारीख कशी वाचू मी, चाटून?"

"मीच लावलंय कुंकू," आजी अभिमानाने म्हणाली. "चांगलं व्हावं म्हणून."

साहेबांनी आजीकडे बघितलं, छताकडे बघितलं. "बरं, असू दे. नवरदेव तर हितलेच न्हवं? त्यांचे तीस दिवस धरू."

काकाने छाती काढून आपलं सीडीसी पुढे केलं. ते खलाशाचं सरकारी पुस्तक, कुठल्या जहाजावर कधी चढला आणि कधी उतरला ते त्यात असतं. साहेबांनी बोट ठेवलं. "अकरा फेब्रुवारीला मुंबईत जहाज सोडलंय. घरी आला म्हणताय तेराला. आज सतरा दिवस झाले. म्हंजे तुम्ही रत्नागिरीत राहिलेले न्हाई."

"मी? रत्नागिरीचा नाय?" खिडकीवरचे कावळे उडाले. "माझी नाळ पुरलीय मांडवीत!"

"नाळंचा दाखला नको, राहिल्याचा द्या."

मग साहेबांनी कागदावर हिशेब मांडला. काकाचे तीस दिवस भरणार पंधरा मार्चला. सोळाला नोटीस, तिचे तीस दिवस संपणार पंधरा एप्रिलला. दमयंतीचा व्हिसा संपणार नऊला. सहा दिवसांनी हुकत होतं. आणि वीस एप्रिलला काकाला अकरा महिन्यांसाठी पुन्हा जहाजावर चढायचं होतं.

"मुदत वाढवून मागा," साहेब म्हणाले. "पर अर्ज वर जाणार. उत्तर कवा येईल, मी काय सांगू?"

तेव्हा काका हळू बोलला. मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. म्हणाला, "तिसऱ्यांदा जहाज सुटणार गो, आये."

ते ऐकून आजीने स्वतःचं कुंकवाचं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरलं. आणि कचेरीतच सूर लावला, "माझ्याच बोटानं घात केलान गोऽऽ! माझ्या रावजीचं घर बुडालं गोऽऽ!"

तोच सूर! गो वर चढला आणि चार पायऱ्या खाली आला. दमयंतीने मान वर केली. तिने हा सूर आधी एकदाच ऐकला होता.

"आये," ती उडालीच, "तार!"

"खयची तार? नको गो बाय, आता आणि तार नको!"

"तुमची न्हवे, माझी! मी सही केलो ना शिवाच्या पावतीवर! एकवीस जानेवारी!"

साहेब ताठ बसले. "थांबा. तार मांडवीत मिळाली, तारीख हाय, बाईंची सही हाय? एकवीस जानेवारी ते आज, चाळीस दिवस. तार आणा."

"तार देवघरात हाय," आजी डोळे पुसत म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "पण तिलाही लावलंय."

"पावती आणा मग!" साहेब ओरडले. आता त्यांचा आवाजही काकाएवढा झाला होता. "तारघरात असंल! साडेपाचला कुलूप लावतो मी!"

घड्याळात पाच वाजले होते. काका पळाला, मागून दमयंती चपला हातात घेऊन. काका रस्त्याने "बाजू!" ओरडत होता, जहाजावर उकळतं पातेलं नेताना ओरडतात तसं. सायकली, हातगाड्या, एक म्हैस, सगळ्यांनी वाट दिली. तारघरात शिवाने जानेवारीचा गठ्ठा सोडला. सोळा, अठरा, वीस... एकवीस! तारमास्तर आधी म्हणाले, पावती बाहेर देता येत नाही. काकाने त्यांना कारण सांगितलं. काकाने कारण सांगितलं म्हणजे सगळ्या तारघराला सांगितलं. शेवटी मास्तरांनी स्वतःच्या हाताने नक्कल काढली, शिक्का मारला आणि अस्सल पावती दाखवायला शिवालाच सोबत दिलं.

पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी साहेबांनी पावतीवरची सही आणि पासपोर्टवरची सही शेजारी ठेवली. एकदा बघितलं, भिंगातून दुसऱ्यांदा बघितलं.

"तुम्ही ओळखता बाईंना?" त्यांनी शिवाला विचारलं.

"म्हंजे काय! तार हातात घेऊन हसलेली आख्ख्या मांडवीत एकच बाय बघितलीय मी."

साहेबांनी नोटिशीचा फॉर्म पुढे ओढला. "म्हंजे असं हाय बगा. रत्नागिरीच्या रहिवासी ह्या बाई. आणि परदेशी," त्यांनी पेन काकाकडे केलं, "तुम्ही."

काका इतका हसला की शाई सांडता सांडता राहिली.

तीस दिवस नोटीस बोर्डावर होती. शिमगा झाला, पाडवा झाला. हरकत कुणाचीच आली नाही. मैना मासळीची पाटी घेऊन रोज बोर्ड बघायला जायची, कारण तिला हरकत घेणाऱ्याचं तोंड बघायचं होतं.

पहिला कप की दुसरा, ते दमयंतीने ठरवलं. "जहाजावरनं हा येईपर्यंत मी हितंच आयेकडं. मग दोघं जाऊन माझ्या आईला भेटू, तिकडचं बघू." पोलीस कचेरीत बायको म्हणून मुदत वाढवायचा अर्ज सारंगांनी आधीच लिहून ठेवला होता, लग्नाच्या दाखल्याची जागा तेवढी मोकळी सोडून. ऑल राइट?

दोन एप्रिलला सह्या झाल्या. महिपत सारंग, शिवा आणि मैना साक्षीदार. साहेबांनी दाखल्यावर शिक्का मारला, गोल, जांभळा, ओला. तेवढ्यात आजीने कमरेची कुंकवाची डबी काढली आणि बोट बुडवलं.

"आयेऽऽ!" काका ओरडला. साहेबांनी दाखला उचलून डोक्यावर धरला. सारंग रजिस्टरवर आडवे झाले.

दमयंतीने आजीचं बोट हवेतच पकडलं आणि हळूच आपल्या कपाळावर टेकवलं.

"हितं, आये," ती म्हणाली. "हितं लाव."