लोरेटाच्या तळघरातली कॉट

लोरेटा हनाट्युक माझी शेजारीण. आमच्यामधे एक कुंपण आहे, पण ते निम्मं वर्ष बर्फाखाली असतं, त्यामुळे असून नसल्यासारखंच. तिच्याकडे काय शिजलंय ते मला वासावरून कळतं आणि माझ्याकडे काय करपलंय ते तिला. हार्लन लेकमधे, आमच्या या गावात, तिला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. पण खरं सांगू का, लोक तिला ओळखत नव्हते, तिच्या कॉटला ओळखत होते.

थांबा, नीट सांगते. आमच्या गावाची बर्फावरच्या हॉकीची ज्युनियर टीम आहे, हॉक्स. सोळा-सतरा वर्षांची पोरं कुठून कुठून येतात आणि हिवाळाभर गावातल्या कुणाच्या तरी घरी राहतात. ज्या घरी राहतात तिथल्या बाईला मॉम म्हणतात. बाईने जेवू घालायचं, कपडे धुवायचे, आईशी भांडण झालं की फोनवर आईचीच बाजू घ्यायची, आणि वसंतात निरोप द्यायचा. लोरेटाने हे सुरू केलं तेव्हा तिचा नवरा मेट्रो हयात होता. मेट्रो गेला, तिची मुलगी लग्न होऊन व्हिक्टोरियाला गेली, पण पोरं काही यायची थांबली नाहीत.

आणि पोरं म्हणजे साधीसुधी नव्हेत हो. सतरा वर्षांचा हॉकीवाला म्हणजे दोन म्हशींचा चारा. लोरेटा अंडी आणायची ती खोक्याने. त्यांच्या सामानाच्या पिशवीला जो वास येतो त्याबद्दल मी बोलणार नाही, तुम्ही जेवायला बसला असाल. ते सगळं ती तळघरात नेऊन वाळत घालायची आणि जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची. सुरुवातीला फोन घ्यायला थांबल्यासारखं करायची. पुढे पुढे नुसतीच थांबायची.

तर त्या तळघरात, खिडकीखाली, मेट्रोने नटबोल्ट मारून जोडलेली एक लोखंडी कॉट होती. त्या कॉटवर लायल ओस्टबर्ग झोपायचा.

लायल आला तेव्हा काडी होता, नुसती काडी. पहिल्या आठवड्यात रडून उशी भिजवली आणि सकाळी म्हणाला, खिडकीतून पाणी गळतंय. लोरेटाने उशी बदलली आणि खिडकीला चिकटपट्टी लावली. दोन हिवाळे राहिला. मग मोठ्या लीगने त्याला खेळाडू निवडायच्या पहिल्याच फेरीत उचललं, आणि पुढचं तुम्हाला इथलं कुठलंही शेंबडं पोर पाठ म्हणून दाखवेल. हजारावर सामने, कप्तानकी, जबडा तुटलेला असताना मारलेला तो गोल, आणि दोनदा लीगचा कप. कप जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला तो एक दिवस घरी न्यायला मिळतो. पहिल्या वेळी लायलने तो आईबापांकडे नेला, दुसऱ्या वेळी लोरेटाच्या स्वयंपाकघरात आणला. तिने त्यात कोबीचे रोल वाढले, लांब दांड्याच्या डावाने. हात लावला नाही. न जिंकता ज्याने कपाला हात लावला त्याला तो कधी मिळत नाही म्हणतात. मी म्हटलं, अगं, तू कुठे हॉकी खेळायला निघालीस? म्हणाली, मी नाही, पण माझ्या घरात आणखी पोरं येणार आहेत, त्यांचं वाकडं नको व्हायला.

तिथेच घात झाला. लायलनंतर त्याच कॉटवर झोपलेला आणखी एक मोठ्या लीगमधे गेला, मग आणखी एक. झालं. गावाने ठरवून टाकलं की नशीब कॉटमधे आहे. पोरांचे आईबाप टीमच्या मॅनेजरला, वर्न पॅस्कोला, आधीपासून गळ घालायचे, आमच्या मुलाला तीच कॉट द्या. लोरेटाच्या हातच्या जेवणाबद्दल कुणी विचारत नव्हतं. मी तिला चिडवायचे, तू मेलीस तर हे लोक तुला पुरतील आणि कॉटचं देऊळ बांधतील.

ती हसायची. मग एका उन्हाळ्यात हसली नाही. माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "सुधा, मी यंदा नाही म्हणून आले वर्नला."

मी विचारलं, मग काय म्हणाला तो?

"म्हणाला, बरं, मग हा एवढा शेवटचा."

गेल्या तीन उन्हाळ्यांत तो हेच म्हणत होता. लोरेटाचं खुब्याचं हाड झिजलेलं, डॉक्टर जिना चढू नको म्हणतो, आणि ही दिवसातून कितीदा तळघरात. पण तिचा स्वभाव असा, की समोरच्याने दुसऱ्यांदा मागितलं की तिच्या तोंडून हो जातं. कितीदा सांगितलं, अगं, 'नाही' हा पुरा शब्द आहे, त्याच्यापुढे काही जोडावं लागत नाही. तर म्हणते, तुला सोपंय, तू जन्मापासून नाहीच म्हणत आलीस.

तेवढ्यात लायल निवृत्त झाला. टीमने ठरवलं, हंगामाच्या पहिल्या सामन्याला त्याचा सतरा नंबरचा शर्ट रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, छताला कायमचा टांगायचा. लोरेटाने लाल गालिच्यावर त्याच्या शेजारी उभं राहायचं. आणि वर्नने, बघा कसा कावेबाज, असा बेत केला की तिथेच, सगळ्या गावासमोर, माईकवरून जाहीर करायचं की यंदा कॉटवर कोण झोपणार. पोरगं सोमवारी येणार होतं. हे लोरेटाला वर्नच्या बायकोकडून, बर्निसकडून कळलं. लोरेटा माझ्याकडे आली आणि माझे शेंगदाणे सोलत बसली. मी म्हटलं, माईकवरून विचारलं तर? म्हणाली, "पाच हजार माणसांसमोर नाही कसं म्हणू? मी संपले."

सोहळ्याच्या दिवशी लायल दुपारी आला. मी कुंपणातून पाहिलं, पाहिलं म्हणजे मुद्दामच उभी होते. गाडीतून उतरायला त्याला वेळ लागला. आधी एक पाय, मग हाताने उचलून दुसरा. अडतिशीचा माणूस, पण माझ्यापेक्षा म्हातारा चालत होता. लोरेटाने त्याला सामन्याच्या दिवशीचंच जेवण वाढलं, पास्ता आणि कोंबडी, वर काही नाही. तो म्हणाला, मॉम, सामना माझा नाहीये आज. ती म्हणाली, मग काय झालं, खा.

जेवला, आणि सवयीने खाली जाऊन कॉटवर आडवा झाला. हॉकीवाले सामन्याच्या दुपारी झोपतातच. ती झोप म्हणजे इथे सोवळं. लोरेटाच्या घराचा नियम होता, फोन पावाच्या डब्यात टाकायचे, घरचा फोन काढून ठेवायचा, दार वाजवायचं नाही, आणि घड्याळ कुणी लावायचं नाही. वेळ झाली की लोरेटा वरून डावाने पाइपावर ठोकायची. इतक्या वर्षांत एकाही पोराला सामन्याला उशीर झाला नव्हता. म्हणून लायलने फोन डब्यात टाकला आणि निर्धास्त झोपला. लोरेटा डाव मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.

मी रिंकवर कँटीनला होते, तळलेल्या बटाट्यांच्या मागे. सोहळ्याची वेळ झाली, टळली. राष्ट्रगीत झालं. ऑर्गनवाल्याने येत होतं ते सगळं वाजवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गालिचा अंथरलेला आणि त्यावर एकटा वर्न, सूट घालून, घाम पुसत. तो धावत माझ्याकडे आला. म्हणाला, सुधा, फोन लागत नाहीये, तू शेजारीण आहेस, जा. मी म्हटलं, झोपेच्या वेळेला लोरेटाचं दार वाजवायला तू मला पाठवतोयस? तुझी हिंमत नाही ना? तो म्हणाला, नाही.

मागचं दार उघडंच असतं तिचं. आत गेले तर वर एक घोरणं आणि खाली एक घोरणं, आणि दोन्ही कसं तालात. लोरेटाची मान एका बाजूला कलंडलेली, डाव जमिनीवर. इतकी वर्षं तिला बघतेय मी, पण झोपलेली कधी पाहिली नव्हती. मला तिला हलवावंसं वाटेना. क्षणभर उभीच राहिले. मग डाव उचलला आणि पाइपावर ठोकला.

लोरेटा दचकून उठली, घड्याळाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला. खालून लायल जिन्याच्या पायथ्याशी आला, गालावर उशीची घडी उमटलेली.

"मॉम? तू उठवलं नाहीस?"

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. म्हणाली, "मला झोप लागली." आणि थोड्या वेळाने, "मी दमलेय रे लायल. आजचं नाही, फार दिवसांचं आहे हे."

लायलही खालच्या पायरीवर बसला. मग मीच सांगितलं, वर्नचं, माईकचं, सोमवारच्या पोराचं, खुब्याचं. मी नसते तर तिने ते गाडीत बसेपर्यंत सांगितलं नसतं. लायलने विचारलं, इतक्या वर्षांत तुला कुणी विचारलं नाही, दमलीस का म्हणून?

"तुला कुणी विचारायचं?"

"मला विचारायचे," तो म्हणाला. "हो म्हटलं की दुखणं दबायची सुई टोचायचे आणि परत बर्फावर ढकलायचे. म्हणून मग मी हो म्हणायचं सोडून दिलं."

मी म्हटलं, गप्पा नंतर मारा, तिकडे वर्नचा जीव जाईल. लायल उठला आणि रिंककडे निघायच्या ऐवजी विचारलं, मेट्रोचे पाने कुठे आहेत?

कॉटचे नट गंजलेले. तो गुडघा टेकवू शकत नव्हता म्हणून पाठीवर पडून ते सोडवत होता, चांगल्या सुटात, आणि मी बॅटरी धरून उभी. सांगितलं त्याला, माझी कंबर गेली तर बिल तुला पाठवेन. लोरेटा वरून विचारत होती, काय चाललंय? मग कोट घालून उभी राहिली. लायल म्हणाला, तू येऊ नकोस. तू आलीस की वर्न विचारणार आणि तू हो म्हणणार.

"मग काय सांगशील त्यांना?"

"सांगेन की तुला जमत नाही."

लोरेटाने मान हलवली. कोटाची बटणं काढता काढता म्हणाली, "जमत नाही असं नको सांगूस. लोरेटा नाही म्हणाली असं सांग. माझं म्हणून सांग."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कोट खुंटीला लावला आणि आत जाऊन खुर्चीत नाही, बिछान्यात पडली.

पाच हजार लोक उभे राहिले तेव्हा त्यांना वाटलं लायल येतोय. आला तोही, पण मागे बर्फ गुळगुळीत करायची गाडी, आणि त्या गाडीला दोरीने बांधलेली, रिंकमागे पुन्हा जोडलेली कॉट, वर गादी, गादीवर उशी. सूटभर गंज. लायल माईकजवळ गेला. म्हणाला, मला भाषण येत नाही, जबड्यात पट्ट्या आहेत. तुम्ही म्हणता नशीब कॉटमधे आहे, तर ही घ्या कॉट. मी हिच्यावर झोपलो कारण वर कुणीतरी जागं असायचं. ती बाई आता झोपली आहे. वर्नने तिला विचारलं होतं, आणि लोरेटा नाही म्हणाली.

आधी कुणी हसलं, मला वाटतं बर्निसच. मग टाळ्या झाल्या, बराच वेळ. सतरा नंबर वर गेला, जरा वाकडाच. वर्न कॉटजवळ उभा, तिला हात लावावा की नाही या विचारात. बर्निस कँटीनपाशी येऊन मला म्हणाली, हे कॉटचं धूड आमच्याच तळघरात येणार, बघ. आणि आलं.

लायल रात्रीच्या विमानाने परत गेला. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं. जाताना लोरेटा झोपलेलीच होती, त्याने तिला उठवलं नाही, फोन तेवढा डब्यातून काढून घेतला.

सोमवारचं पोरगं पॅस्कोंकडे राहतंय. ते मोठ्या लीगमधे जाईल का ते देव जाणे, पण वर्न हल्ली दुकानात अंडी खोक्याने घेताना दिसतो आणि डोळ्यांखाली काळं आलंय. मी विचारते, झोप लागते का रे? तो म्हणतो, सुधा, तू गप.

लोरेटाला मी सगळं सांगितलं होतं दुसऱ्या दिवशी. तिने एवढंच विचारलं, लोक चिडले का? मी म्हटलं, नाही, माझे बटाटे मात्र संपले. तिला बरं वाटलं असेल असं वाटत होतं मला, पण ती काही दिवस नुसती घरात फिरत होती, भांडं मोठंच काढायची, मग अर्धं माझ्याकडे आणून द्यायची. तळघराचा दिवा चालू राहिला की बंद करायला जायची आणि मधल्या पायरीवर थांबायची. थकवा असा एका दिवसात थोडाच जातो.

परवा हॉक्सचा सामना होता. दुपारी मी तिच्याकडे गरम वरण घेऊन गेले. मागचं दार उघडं, घरचा फोन काढलेला, तिचा मोबाईल पावाच्या डब्यात, डब्याचं झाकण अर्धवट. आतून घोरणं ऐकू येत होतं. डाव भिंतीला खिळ्यावर टांगलेला होता.

मी वरण ओट्यावर ठेवलं, झाकलं, आणि दार न वाजवता घरी आले.