मामंजींची झाळ

म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागला, तसा दुकानाचं काय करायचं हा प्रश्न घरात येऊन बसला. सून रोज त्याच्या शेजारी बसून झाळकाम करायची, कथील वितळवून फुटकी-तुटकी भांडी सांधायची. किटलीची तोटी, कंदिलाचा तळ, येईल ते. पण कुणी विचारलं की मामंजी म्हणायचे, “बंद करायचं म्हणतोय. करणार कोण?” अहो, करणारी समोर बसलीय की! तिला ते फार झोंबायचं. दुकान बंद झालं तर तिचे हात रिकामे होणार होते, आणि तेही नालायक ठरून.

अशात एक निवृत्त मास्तर आले. नाणी जमवायचा भारी नाद. जवळ आईचं चांदीचं नाणं. गळ्यात घालता यावं म्हणून कडेला कुणीतरी कडी झाळून दिलेली. ती काढून नाणं संग्रहात ठेवायचं होतं.

मामंजींनी कडी नखानं चाचपली. “कुणीतरी कसलं? माझं काम आहे हे. सहजी सुटायचं नाही.” मग सुनेला फर्मावलं, “सुटलंच तर वरून कानस मार. चकचकीत होईल.”

“कानस नको, मामंजी. अक्षरं जातील.”

त्यांना उलटून बोललेलं चालत नसे. “कर तुझ्या मनासारखं,” म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

तिनं मास्तरांना आधीच बजावलं, कथील चांदीत मुरतं, खूण राहणार. मग तापलं लोखंड कडीला टेकवलं. बराच वेळ गेला, पण कडी सुटली. उरलेल्या कथलावर तिनं बारीक तांब्याच्या तारांची वेणी ठेवली, ती वरून तापवली. वितळलेलं कथील वेणीनं शोषून घेतलं.

राखाडी ठिपका मात्र राहिलाच. मास्तरांचं तोंड उतरलं. “घासून नाही का जाणार?”

सुनेला वाटलं, आता म्हातारा मास्तरांच्या देखत आपला उद्धार करणार. मामंजींनी नाणं मागून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. हात इतका हलत होता की तिला खालून धरावा लागला.

“घासायचं नाही,” ते मास्तरांना म्हणाले. “साल अजून वाचता येतंय ते हिच्यामुळे. मी असतो तर कानस मारून सपाट केलं असतं.”

मास्तर जरा सावरले. “अजून एक आहे घरी असंच. द्याल करून?”

“मला कशाला विचारता? मालकीण बसलीय ना समोर.”

सुनेनं मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी नाण्यावर पडायला नको म्हणून तिनं आधी नाणं फडक्यात गुंडाळलं.