शेवटची ओळ पेन्सिलीची

त्या संध्याकाळी मी दारात बसून लसूण सोलत होतो आणि मंदा मला तक्ता वाचून दाखवत होती. आमच्या घरात हे रोजचं होतं. ती छापील ओळ वाचायची, पुढच्या रकान्यात पेन्सिलीनं ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायची आणि माझ्याकडं बघायची. मी ती ओळ माझ्या शब्दांत सांगितली की मगच पेन्सिलीवर पेन फिरवायची. नाही सांगता आली तर ओळ खोडून नवी लिहायची. ऑफिसात तिला पेन्सिलवाल्या काकू म्हणत, ते उगाच नाही.

त्या संध्याकाळी शेवटची ओळ राहिली. मला कंटाळा आला होता. म्हटलं, “उद्या सांगतो.”

मी पाचोडचा. चौथी शिकलो आणि चाळीस वर्षं टेम्पो चालवला. ती पिशोरची, बारावी पास. एका दवाखान्यात रेकॉर्डच्या खोलीत तिची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर क्रांती चौकाजवळच्या एका लहान कंपनीनं तिला बोलावून घेतलं. ते लोक दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. एका दवाखान्याच्या कंप्युटरनं दुसऱ्याला पेशंटची माहिती कशी पाठवायची, याचे नियम ठरलेले आहेत. आपलं सॉफ्टवेअर त्यातला कोणता नियम पाळतं, कोणता पाळत नाही, हे ओळीओळीनं लिहून द्यायचं, हे तिचं काम. दवाखाने ते वाचूनच माल घेतात.

“एवढे इंजिनियर आहेत तिथं, मला अडाण्याला काय विचारती?” असं मी एकदा म्हणालो होतो.

“दवाखान्यात वाचणारा शिकलेला असतो, पण लई घाईत असतो,” ती म्हणाली. “घाईतला शिकलेला आन निवांत अडाणी, दोघांचं डोकं सारखंच चालतं. तुम्ही माझे निवांत अडाणी.”

शिवी दिली का कौतुक केलं, अजून कळलं नाही. पण बायकोनं रोज कामाला घेतलं, हे काय कमी आहे?

नुसतं लिहून ती थांबायची नाही. प्रत्येक ओळ आधी स्वतः करून बघायची. त्यासाठी खोटा पेशंट लागतो. तिचा पेशंट ठरलेला, मीच. माझं नाव, माझं वय, माझं गाव. कधी मला साखर, कधी हाड मोडलेलं, एकदा तर बाळंतपणाच्या वॉर्डात टाकलं, कंप्युटर अडवतो का ते बघायला. कंप्युटरनं अडवलं नाही. ती पदर तोंडाला लावून हसत घरी आली.

“किती वेळा आजारी पाडती गं मला?”

“कागदावरच पाडते. खरं आजारी पडायची परवानगी नाय तुम्हाला.”

एक गोष्ट मात्र त्यात खरी होती. मला पेनिसिलिन चालत नाही. तरुणपणी पाचोडला एका इंजेक्शननं अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला, आई रडायला लागली होती. ती ॲलर्जी मंदा प्रत्येक खोट्या पेशंटला लावायची.

शेवटची ओळ त्याचीच होती: औषधाची ॲलर्जी दुसऱ्या दवाखान्याला पूर्ण पोचते का? तिनं कंप्युटरवरून मला तीनदा पाठवून पाहिलं होतं. डॉक्टरनं औषध यादीतून निवडलं तर पोचायचं. पण डॉक्टर घाईत खालच्या चौकटीत आपल्या हातानं टाइप करतात. ते जायचं नाही. पलीकडं जागा कोरी दिसायची आणि कोरी दिसली की तिथला माणूस समजणार, ॲलर्जी नाही.

ऑफिसचे साहेब तिला मुलगा शोभतील अशा वयाचे. म्हणाले, “काकू, दोन महिन्यांत दुरुस्त करतोच आहोत. आत्ता होय लिहा. मोठा दवाखाना हातचा जाईल.”

“दुरुस्त झालं की होय लिहीन. तोवर पेन कुठं पळून चाललाय का?” हे तिनं मला घरी येऊन सांगितलं. रागावलेली नव्हती. तिला राग यायचाच नाही कामात. नाही म्हणजे नाही.

त्या संध्याकाळी त्या ओळीपुढं पेन्सिलीनं तिनं ‘नाही’ लिहिलं, कागद उशाजवळ ठेवले आणि झोपली. सकाळी उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. दुपारी तिला नेलं. घर माणसांनी भरलं. माझ्या डोळ्यासमोर सारखी ती ओळ.

कागद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या मोठ्या दवाखान्यात जायचे होते. सकाळी मी अंघोळ केली, कागद आणि तिची पेन्सिल घेतली आणि चप्पल घातली. थोरल्या वहिनी आडव्या आल्या.

“भाऊजी, सुतकात कुठं निघाले? लोक काय म्हणतील?”

“म्हणू द्या,” मी म्हणालो आणि निघालो.

मला बघून साहेब उभेच राहिले. “काका, तुम्ही कशाला? आम्ही भरून घेतलं असतं.”

“म्हणूनच आलो. ती ओळ वाचा.”

त्यांनी वाचली. मग मी माझ्या शब्दांत सांगितली. “साहेब, मी दहा पोती चढवली आणि पलीकडं नऊ उतरली, तर मालाच्या पावतीवर, बिल्टीवर दहा लिहायचं नाय. नऊ लिहिलं तर दहावं पोतं कुठं पडलं ते बघायला पुढचा माणूस तरी गाडी मागं फिरवील. दहा लिहिलं तर कुणी बघणारच नाय. इथं तर पोत्याच्या जागी मी आहे.”

साहेबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी खिशातला पेन काढून माझ्यापुढं ठेवला.

मला लिहायची सवय नाही. पण अक्षर तिनं काढून ठेवलं होतं, मला फक्त त्यावरून जायचं होतं. हळू गेलो. नाही. सहीची जागा मोकळीच ठेवली, ती तिची होती. साहेबांनी शेजारी स्वतःची सही केली आणि पाकीट माझ्यासमोर बंद केलं.

घरी आलो तर वहिनी दारातच. “कुठं गेलते?”

“मंदाला एक सांगायचं राहिलं होतं,” मी म्हणालो. “सांगून आलो.”