नुसते ओठ हलव

आमच्या शाळेच्या ऑफिसात, वेळापत्रकाच्या शेजारी, समूहगीत स्पर्धेत पहिल्या आलेल्या संघाचा गातानाचा फोटो आहे. तीस मुलं-मुली तीन ओळींत उभी आहेत आणि पुढे पेटीवर मी, डोक्यावर भरपूर केस असलेला. मागच्या ओळीत मधोमध एक उंच मुलगी आहे. सगळ्यांत मोठं तोंड तिनंच उघडलेलं दिसतं. त्या दिवशी तिच्या तोंडून एकही सूर निघाला नव्हता, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं.

मी मुळात मराठीचा शिक्षक. पेटी येते म्हणून राहात्याला रुजू झालो त्याच वर्षी समूहगीत माझ्या गळ्यात पडलं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सराव. पेटीची एक पट्टी थंडीत अडकायची. ती मी नखानं उचलेपर्यंत मुलं थांबायची आणि मग पुढची ओळ धरायची. हंगामात दप्तरं पेरूंनी फुगलेली असत. गाण्याआधी पेरू खायचा नाही, घसा धरतो, असा माझा नियम होता. त्यामुळे सराव संपताच वर्गभर पेरूचा वास सुटायचा आणि मीठ लावलेली एक फोड न मागता माझ्या हातात यायची.

ती मुलगी आठवीत होती, बौद्ध वस्तीतली. तिचे वडील जयंतीच्या गायनपार्टीत झील धरायचे, म्हणजे मुख्य गायकानं ओळ टाकली की मागून ती उचलायचे. माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, अशी त्या गाण्याची रीत. लेकीचा गळा तसाच होता, मोकळा आणि उंच. निवडीच्या दिवशी तिनं 'सा' लावला आणि शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी जमली.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी मी तिला बाजूला घेतलं. तुझा आवाज बाकीच्यांत मिसळत नाही, म्हटलं. तू ओळीत उभी राहा, उंची शोभते, पण गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. बेसूर मुलांना असं सांगायची तेव्हा सर्रास पद्धत होती.

तिनं विचारलं, "सर, माझा सूर चुकतो का?"

"चुकत नाही गं. पण ऐकायला बरं वाटत नाही."

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो निर्णय संगीताचा होता. तो नव्हता. त्याच संघात एका बागायतदाराचा मुलगा खरोखर बेसूर होता. त्याला मी रोज पेटीपुढे बसवून घोटून घेतलं. तिला काय घोटणार, ती सुरातच होती. तिचा आवाज ऐकला की मला तिची वस्ती ऐकू यायची, आणि ती परीक्षकांना ऐकू येऊ नये असं मला वाटत होतं. इतक्या साध्या शब्दांत हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नव्या संघाची यादी लावली आणि दुसऱ्याच दिवशी ती शाळेत आली, इतक्या वर्षांनी. अंगणवाडीसेविकेची साडी, हातात हजेरीची वही. तिला तू म्हणावं की तुम्ही, मला ठरवता येईना. यादीत तिची मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं.

"पोरीचं नाव काढा सर," ती म्हणाली. "ओठ हलवायला तिला कशाला पाठवू? माझ्या अंगणवाडीत बोबडी पोरं हायेत, ती पन सगळी गातात. एकाला गप बसवलं न्हाई मी."

आवाज चढला नव्हता. मी माफी मागायला लागलो, तर तिनं मला मधेच थांबवलं. पोरीला गाऊ देणार का, तेवढंच सांगा, म्हणाली. देणार, मी म्हणालो. मग तिनं विचारलं, बाकीच्यांत आवाज मिसळला नाही तर? त्या गळ्याचं गाणं मला बसवता येत नाही, हे मी कबूल केलं आणि मुलांना झील धरायला शिकवाल का, असं विचारलं.

"पेटी बंद ठेवाल?"

"ठेवतो."

शनिवारी तिनं मुलांना मैदानात लिंबाखाली गोल बसवलं, उंचीप्रमाणे ओळी नाहीत. गाणं तिच्या वडिलांनी रचलेलं, पेरूच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायांचं. तिनं ओळ टाकली, मुलांनी ती कशीबशी पुटपुटत उचलली.

"लाजता काय? बागेतले पोपट हाकलता ना, तसं मोकळं ओरडा की."

मुलं हसली आणि त्यांचे गळे सुटले. त्यांतून तिच्या मुलीचा आवाज वर गेला, हुबेहूब आईचा, आणि बाकीचे आवाज त्याच्या मागे चढले. माझी बोटं बंद पेटीवर स्वर शोधत होती. मी नेहमी लावायचो त्याच्या खूप वर होता तो. तिनं मला झील धरायची खूण केली. मी धरली, पण उंच ओळीला गळा पोचेना. मी नकळत आवाज गिळला.

तिनं गाणं थांबवलं. "सर, फाटला तरी चालंल. नुसते ओठ नका हलवू."

मी गायलो. आवाज फाटला आणि मुलं पोट धरून हसली. जाताना तिनं मुलीचं नाव काढायला सांगितलं नाही. मीही विषय काढला नाही.