आंजीला नेलेला बर्फ

भर वैशाखात मी वर्ध्याहून आंजीला बायकोसाठी बर्फ नेला, तोही पोत्यात गुंडाळून, मोटारीत मांडीवर घेऊन. तिचा लग्नानंतरचा पहिला वाढदिवस होता. तिचं लहानपण काश्मिरात गेलेलं. पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरत सुटायचं तिला भारी वेड. इथलं ऊन तापल्यापासून ती हसली नव्हती. निदान बर्फ पाहून हसेल, असं मला वाटलं.

शेजारी आंब्यांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. पोतं ठिबकायला लागलं, तसा तिने न कुरकुरता आपला पितळी गडवा खाली धरला. मधूनच त्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावी आणि "अय माय!" म्हणून सुखावे.

"कोनासाठी नेऊन राह्यला, बाप्पा?"

मी सगळं सांगितलं. तिने आपला पदर पोत्यावर पसरला आणि उन्हाकडे पाठ करून बसली. पण मोटार वाटेत दोनदा बंद पडली. आंजी आली तेव्हा मांडीवर नुसतं ओलं पोतं होतं. मी रडवेला झालो.

माझ्या निथळत्या धोतराकडे पाहत म्हातारी म्हणाली, "असाच घरी जाजो, कपडे बदलू नोको. एवढा येडा नवरा पाहून हासनच ते."