अठरा माणसांचा इलेक्ट्रॉनिक अल्बम

"तुमची टिकटिक मांगं पडून राहिली जी," हेडफोन काढत दुधराम म्हणाला. "मी तं बरोबरच वाजवून राहिलो."

सातवा टेक होता. टिकटिक कॉम्प्युटरची होती, ती मागे पडत नाही. पण हा माणूस वीसेक वर्षं वरातीत ढोल वाजवत आला होता. त्याला हे सांगणार कोण?

तुमसरला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. काचेपलीकडे सिहोऱ्याची अठरा जणांची बँड पार्टी दाटीवाटीने बसली होती. प्रमुख हिरालाल मास्तर, क्लॅरिनेटवाले. एके काळी त्यांची तारीख मिळाल्याशिवाय लग्नाची तारीख ठरत नसे. मग डीजे आले आणि मास्तर सीझनमध्ये घरी बसू लागले. शेवटी त्यांनी ठरवलं, आपल्याच चालींचा सहा गाण्यांचा अल्बम काढायचा, पण इलेक्ट्रॉनिक.

"चाल आमची, पण छाती हादरली पाहिजे," एवढीच त्यांची ऑर्डर.

इलेक्ट्रॉनिक आवाज जोडायचे तर सगळ्यांना एकाच ठरलेल्या वेगाने वाजवावं लागतं. तो वेग धरून ठेवणाऱ्या टिकटिकीला आम्ही क्लिक म्हणतो. दुधरामची अडचण अशी, की वरात मांडवाजवळ आली की त्याचा हात वाढतो. स्टुडिओत मांडव नव्हता, तरी तिसऱ्या मिनिटाला त्याला तो दिसायचाच.

मी मास्तरांना बाहेर बोलावलं. "त्याचा एकेक ठोका सुटा रेकॉर्ड करतो. याला सॅम्पल म्हणतात. पुढचं कॉम्प्युटर वाजवेल."

"आवाज त्याचाच राहीन ना?"

"त्याचाच."

"मंग करा."

दुधरामने जोरात, हळू, काठावर असे ठोके दिले. अर्ध्या तासात काम संपलं.

"झालं? साहाही गाणे?"

"सहाही."

पुढचे चार दिवस बाकीचे वाजवत होते आणि तो खुर्चीवर बसून होता. तयार झालेलं पहिलं गाणं त्याने शेवटपर्यंत ऐकलं. "साफ हाये," तो म्हणाला. "पण हा वाजवून कोण राहिला?"

मी व्हॉल्यूम उगाचच कमी केला.

अल्बम यूट्यूबवर चालला. इतका चालला, की डीजेवालेच तो वरातीत लावू लागले. मग नाकाडोंगरीच्या एका वधूपित्याचा मास्तरांना फोन आला, "अल्बमसारखंच वाजलं पाहिजे. नाही तं डीजेले सांगतो."

मास्तर माझ्याकडे धावत आले. अल्बमसारखं वाजवणं त्यांच्यापैकी कोणालाच शक्य नव्हतं. उपाय मीच काढला आणि त्यावर खूशही झालो. पिकअपवर स्पीकर, माझा लॅपटॉप, आणि पुढे युनिफॉर्ममध्ये अठरा जण. वाद्यं तोंडाला, पण फुंकायचं नाही.

ट्रम्पेटवाले दोन तास नुसते गाल फुगवत चालले. दुधरामची काठी चामड्याच्या बोटभर अलीकडे थांबत होती. खरं वाजवण्यापेक्षा ते कठीण काम. मांडवाशी वधूपित्याने मास्तरांचे हात धरले, "मास्तर, एवढा साफ बँड म्या आजवर आयकला नाही!"

"हो जी," म्हणत मास्तर न वाजवलेली क्लॅरिनेट पुसत राहिले.

परतताना दुधराम माझ्या शेजारी बसला. "भाऊ, माझे ठोके तुमच्याजवळ हायेत ना? वापस द्या."

तो चिडलाय असं मला वाटलं. पण त्याने कुठल्याशा ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड पाहिला होता. रबराचे आठ चौकोन असतात, काठी मारली की त्यात भरलेला आवाज येतो. "त्याच्यात भरून द्या. मीच वाजवतो."

पावसाळ्यात लग्नं नसतात. भाताची रोवणी आटोपल्यावर तो रोज एसटीने यायचा. रबर चामड्यासारखं उसळत नाही, म्हणून सुरुवातीला मनगटं सुजली. दिवाळीपर्यंत हात बसला. मग सगळा बँड त्याच्याभोवती खरोखर वाजवू लागला, क्लिकशिवाय. मास्तरांच्या निम्म्या तारखा परत आल्या.

आंबागडच्या एका लग्नात मी मुद्दाम ऐकायला गेलो. दुधराम घामाने निथळत होता. एक पाहुणा बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहत उभा राहिला आणि मग मला म्हणाला, "मशीन भारी हाये बापा. माणूस नुसते हात हलवते."

दुधरामने ऐकलं. तो जरा जोरात वाजवू लागला.

आता कोणी अल्बमसाठी आलं, की आवाज कसा हवा हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, लोकांसमोर तो वाजवणार कोण.