उद्याचं नाव न घेणाऱ्या अन्नपूर्णाबाई

अमडापूरच्या बाजारात मेथी-पालक विकणाऱ्या अन्नपूर्णाबाई उद्याचं नाव कधी घेत नसत. "उद्या मेथी आणाल ना, मावशी?" असं गिऱ्हाइकानं विचारलं, की "पाहू, देवानं दाखवलं तं," एवढंच उत्तर. लोक हसत. हसोत बापडे, त्यांना काय ठाऊक!

पहिल्या खेपेला बाईंनी साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, दिवाळीत पाळणा हलणार म्हणून. माहेरून टोपडी-झबल्यांचं गाठोडं आलं. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं आणि गाठोडं तेवढं राहिलं. दुसऱ्या वेळी बाईंनी ना कुणाला सांगितलं, ना काही शिवलं. शेखर जन्मला तो जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला. तेव्हापासून बाईंच्या मनानं जे घेतलं ते घेतलंच.

आणि अशा घरात सून आली ती इंग्रजी शिकवणारी! अपेक्षा ओसरीवर दहावीच्या मुलींचा क्लास घेई. तिला आठवा महिना सरत आला असताना नेमका भविष्यकाळ निघाला. बाई पलीकडे मेथी निवडत होत्या.

"आत्ता मनात आलं तर 'विल'," अपेक्षा सांगत होती. "आधीच ठरवलं असेल, किंवा लक्षणं दिसत असतील, तर 'गोइंग टू'. दिवस पक्का झाला, सगळ्यांना सांगून झालं, तर नुसतं 'इज कमिंग' चालतं."

एका उद्याचे एवढे प्रकार! बाईंना हसू आलं. आपलं 'पाहू' काय वाईट आहे?

इतक्यात पूनम नावाची चुणचुणीत पोरगी उठली. "मॅडम्स बेबी इज कमिंग इन नोव्हेंबर!"

बेबी आणि नोव्हेंबर, दोन्ही शब्द बाईंना कळले. हातातली जुडी खाली पडली.

"चूप बस पोरी!"

पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, बोलल्यानं काई होत नाई," क्लास सुटल्यावर अपेक्षा म्हणाली. "अन् दोन झबले तं घेऊ द्या. दवाखान्यात मांगतात."

"आधी काई आनाचं नाई या घरात."

सुनेनं पुढं वाद घातला नाही, पण जेवताना दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

चारच दिवसांनी, भर दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता अपेक्षा थांबली. पोटावर हात ठेवून तिनं सासूकडे पाहिलं. "आई, सकाळपासून हाललंच नाई वो."

बाई शेखरला हाका मारत उठल्या. शेजारच्या जावेदनं गाडी काढली. शेखर पुढं बसला, मागं सासू-सुना. बुलडाण्याचा रस्ता संपता संपेना. अपेक्षानं बाईंचा हात घट्ट धरला होता.

"आई, येईल ना वो बाळ?"

'पाहू' अगदी जिभेवर आलं. पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहून बाईंना ते बोलवेना. ओसरीवर ऐकलेलं तेवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"बेबी इज कमिंग."

अपेक्षा रडता रडता हसली.

दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, ठोके मंद झालेत, आत्ताच सीझर करावं लागेल. दार बंद झालं. शेखर भिंतीला टेकून उभा होता. बाई थोडा वेळ बाकावर बसल्या, मग एकदम उठल्या.

"शेखर, जाय. टोपडं आन, झबलं आन. पिवळं पाहून आन."

"आई, आधीच?"

"जाय म्हनते ना! बाळ येऊन राह्यलं आपलं."

तो गेला आणि बाईंना धडकी भरली. हे काय करून बसलो आपण! त्याला हाक मारून परत बोलवावं म्हणून त्या जिन्यापर्यंत गेल्या. तिथंच कठडा धरून उभ्या राहिल्या, पण हाक मारली नाही.

शेखर धापा टाकत पिशवी घेऊन आला, तेवढ्यात दार उघडलं.

"अपेक्षाचे कोण आहेत? बाळाचे कपडे द्या लवकर. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

आतून बारीक, चिरका रडण्याचा आवाज येत होता. बाईंनी घाईनं पिशवी पुढं केली, तसं टोपडं घसरलं. शेखरनं ते झेललं.

"एवढ्यानं भागायचं नाही, मावशी," नर्स म्हणाली. "उद्या आणखी दोन जोड लागतील. आणाल ना?"

बाईंनी पदरानं डोळे पुसले.

"आनीन," त्या म्हणाल्या.